माया

माझं दुकान अपियात, बाजाराच्या मागल्या अंगाला,
पाव भाजणाऱ्याच्या शेजारी.
पायमशीन एक, कात्र्या दोन,
त्यातली एक फक्त पांढऱ्या कापडाची.

ऑक्टोबरात आमच्याकडे मुलांचा रविवार असतो.
त्या दिवशी मुलं आधी जेवतात, मोठे मागून;
चर्चमध्ये मुलं बोलतात, आपण ऐकायचं.
सगळी पांढऱ्यात.
त्या वर्षी एकेचाळीस फ्रॉक शिवले, सदरे वेगळे.
तौसागाच्या लिसेचं माप घेताना
ती गुदगुल्यांनी वाकायची, टेप सुटायचा.
शिलाईच्या आत दोन बोटं माया सोडली,
पोर वाढत्या अंगाचं.

मग गोवर आला.
आधी नाक, मग डोळे, मग अंगभर पुरळ, मग श्वास.
इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा, खाटांमध्ये चटया.
एक जण पाणी शिंपडून बरं करत होता,
रांग त्याच्याकडेही होती.
हसू नका.
आदल्या वर्षी दोन बाळं सुईनंतर गेली होती.
चूक औषध कालवणाऱ्या हातांची, हे नंतर कळलं,
आणि नंतर कळलेलं कुणाच्या कानात शिरत नाही.
मीही लेकीला म्हणाले होते, थांब जरा.

तौसागा आली ती तोच फ्रॉक घडी करून.
झालर उसवलीय, म्हणाली,
नीट करून दे, उद्या लागेल.
मी टीप मारली.
पैसे मोजून ठेवून गेली.
मी परत केले नाहीत.
परत करायचे तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

आई सांगायची, तिच्या आईकडून ऐकलेलं:
एक जहाज आलं, आजारी माणसं धक्क्यावर उतरली,
कुणी अडवलं नाही.
तारो शेतात कुजला, उपटायला हात नव्हते.
मेलेल्यांना गुंडाळायला चटया पुरेनात;
वर्षभर विणलेल्या, लग्नाला राखलेल्या, त्याही गेल्या.
हे सांगताना आई बसल्या चटईची कड चाचपायची.

डिसेंबरात हुकूम निघाला:
दोन दिवस कुणी बाहेर पडू नये.
ज्या घरात लस बाकी, त्यांनी दारात तांबडं फडकं लावावं.
आदल्या संध्याकाळी माझ्याकडे ही झुंबड.
लाल पॉपलिनचा अर्धा तागा वीत वीत फाडून दिला.
तो संपल्यावर लोकांनी टॉवेल बांधले, बनियन बांधले,
एकाने लाल बादली उलटी टांगली.
पाद्री लेउआनाईंच्या दारातही फडकत होतं,
त्यावर कुणी बोललं नाही.

माझ्या दारात नव्हतं.
गावाला लाल पुरवणारी मी,
नातवाला मांडीवर घेऊन आतल्या अंगाला बसले.
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
कुत्रीसुद्धा गोंधळलेली.
गाडी आली, पुढे गेली,
पलीकडल्या घरी थांबली.
एक पोर किंचाळलं. मग तेच हसलं.

तेव्हा उठले.
कमरेच्या लावालावाची लाल कड टरकन फाडली
आणि हुकूम मोडून रस्त्यावर धावले, हात हलवत.
पोरगा दंडाकडे नुसता बघत राहिला.
परिचारिका मला म्हणाली,
आजी, तुम्हाला कुठे टोचलं?

मार्चात बंदर बंद झालं, विमानंही.
जगात दुसरंच काही सुरू झालं होतं.
या खेपेला जहाज बाहेर थांबलं.

ऑक्टोबरात तौसागा आली, धाकटीला घेऊन.
हात वर कर, म्हटलं.
ही वाकली नाही, खांबासारखी उभी.
दोन बोटं सोडायची तिथे मी चार सोडली.
तौसागानं फ्रॉक उलटा केला,
आतली शिवण अंगठ्यानं चाचपली.
एवढी माया कशाला, म्हणाली, टोचेल तिला.

मी दोन बोटं कापून टाकली.
दोन राहू दिली.